अलेक्झांडर क्रमेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या वर्णद्वेषाचा इतिहास वाचताना कृष्णवर्णीयांचे मोठे नेते भेटतात: फ्रेडरिक डग्लस भेटतात, बुकर टी. वॉशिंग्टन भेटतात, ड्यू बॉइस तर भेटतातच. क्रमेल मात्र बहुतेकांना तळटीपेत सापडतात आणि मग प्रश्न सुरू होतात. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत.

क्रमेल नेमके कोण?

एकोणिसाव्या शतकातले कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मगुरू. जन्म 3 मार्च 1819, न्यूयॉर्क. मृत्यू 10 सप्टेंबर 1898, न्यू जर्सी. एपिस्कोपल चर्चचे पाळक, केंब्रिजचे पदवीधर, पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात जवळजवळ वीस वर्षं मिशनरी आणि प्राध्यापक, पुढे वॉशिंग्टनमधल्या सेंट ल्यूक चर्चचे संस्थापक पाळक आणि अखेरच्या वर्षांत अमेरिकन नीग्रो अ‍ॅकॅडमी या कृष्णवर्णीय विद्वानांच्या संस्थेचे पहिले अध्यक्ष. एवढी यादी वाचून वाटतं, माणूस पायरी पायरीने वर चढत गेला. प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येक पायरीवर त्यांना कुणीतरी खाली ढकललं होतं, आणि दोन-तीन वेळा त्यांनी स्वतःच्या स्वभावानेही पाय घसरवून घेतला.

एपिस्कोपल म्हणजे कोणतं चर्च? कॅथलिक की प्रोटेस्टंट?

इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचा अमेरिकन भाऊ. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तिथल्या पाळकांना इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठतेची शपथ घेणं शक्य नव्हतं, म्हणून 1789 मध्ये त्यांनी आपलं वेगळं चर्च उभं केलं. उपासना तीच, बिशपांची परंपरा तीच, फक्त राजा नाही. मुंबईच्या फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल मुळात याच घराण्यातलं. 1970 मध्ये ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आलं.

अमेरिकेत हे चर्च पैसेवाल्या, शिकलेल्या, प्रतिष्ठित गोऱ्यांचं म्हणून ओळखलं जायचं. क्रमेल यांच्या कथेत ही गोष्ट सतत आडवी येते.

ते गुलाम होते का?

नाही. वडील बॉस्टन क्रमेल यांना पश्चिम आफ्रिकेतून लहानपणी पकडून आणलं होतं, पण अलेक्झांडरच्या जन्माच्या वेळी ते स्वतंत्र होते आणि न्यूयॉर्कमध्ये कालवं विकण्याचा धंदा करत होते. आई चॅरिटी हिक्स जन्मतःच स्वतंत्र. घर वर्दळीचं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं पहिलं वृत्तपत्र, 1827 चं ‘फ्रीडम्स जर्नल’, काढायचं ठरलं ते याच घरातल्या बैठकीत, असं सांगितलं जातं. आपले वडील थेट आफ्रिकेतून आलेले आहेत याचा क्रमेल यांना आयुष्यभर अभिमान होता. पुढे लायबेरियात या अभिमानाने त्यांना बरंच अडचणीत आणलं.

शाळा बैल लावून ओढून नेली, ही दंतकथा आहे की खरी गोष्ट?

खरी. न्यू हॅम्पशायरमधल्या कनान नावाच्या गावात काही गुलामगिरीविरोधी मंडळींनी नॉइज अ‍ॅकॅडमी ही शाळा काढली. गोरी आणि काळी मुलं एकत्र शिकणार, हे तिचं वैशिष्ट्य. 1835 मध्ये सोळा वर्षांचे क्रमेल, हेन्री हायलँड गार्नेट आणि थॉमस सिडनी हे तीन मित्र न्यूयॉर्कहून तिथे निघाले. बोटीवर त्यांना खोली मिळाली नाही, उघड्या डेकवर बसावं लागलं. पुढे घोडागाडीत आतली जागा नाही, टपावर बसा. वाटेतल्या खानावळी क्वचितच जेवायला देत आणि रात्रीला आसरा कुठेच नाही. गार्नेटचा एक पाय अधू होता, तो कुबडीवर चालायचा.

पोचल्यावर शाळा जेमतेम काही महिने चालली. ऑगस्टमध्ये आसपासचे शेतकरी जमले, इमारतीला साखळ्या अडकवल्या आणि क्रमेल यांच्या आठवणीनुसार बैलांच्या नव्वद जोड्या जुंपून अख्खी शाळा ओढून दलदलीत नेऊन टाकली. या कामाला दोन दिवस लागले. दोन दिवस! म्हणजे रागाच्या भरात झालेला प्रकार नव्हे. मध्ये लोक घरी जाऊन जेवले असतील, झोपले असतील आणि सकाळी पुन्हा बैल घेऊन आले असतील.

मुलं एका घरात अडकली होती. गार्नेट तापाने फणफणलेला. रात्री अकराच्या सुमारास घोड्यांच्या टापा ऐकू आल्या, एका स्वाराने घरावर गोळी झाडली. गार्नेटने उठून दुनळी बंदुकीने आतून उत्तर दिलं, आणि त्या एका बाराने रात्र निभावली. गाव सोडताना वेशीवर जमाव उभा होता. त्यांच्या गाडीच्या दिशेने नुसती दारू भरलेली तोफ उडवून त्यांना ‘निरोप’ देण्यात आला. गार्नेट 1882 मध्ये वारल्यावर क्रमेल यांनी केलेल्या श्रद्धांजलीच्या भाषणात हे सगळं तपशिलाने येतं.

यानंतर तिघेही न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. तिथले प्रमुख बेरिया ग्रीन कट्टर गुलामगिरीविरोधी होते. तिथे शिक्षणही मिळालं आणि शेतात राबण्याची सवयही.

ग्रीक व्याकरणाचा किस्सा काय आहे?

पोरसवदा वयात क्रमेल न्यूयॉर्कच्या गुलामगिरीविरोधी संस्थेच्या कचेरीत हरकाम्या म्हणून काम करत. तिथे एकदा वॉशिंग्टनहून परतलेले दोन वकील बोलत होते ते त्यांच्या कानावर पडलं. दक्षिणेचे पुढारी सिनेटर कॅल्हून जेवणाच्या टेबलावर म्हणाले होते की, ग्रीक भाषेचं व्याकरण येणारा एखादा नीग्रो दाखवा, मग मी मानेन की नीग्रो माणूस आहे.

हा किस्सा क्रमेल यांनी स्वतः 1897 मध्ये भाषणात सांगितला आणि वर टोमणा मारला: कॅल्हून यांना वाटलं असावं की ग्रीक व्याकरण नीग्रोच्या मेंदूत आपोआप उगवतं. कारण ज्या देशात काळ्या मुलांसाठी ग्रीक शिकवणारी शाळाच नव्हती, जिथे काही राज्यांत अक्षर शिकवणंसुद्धा गुन्हा होता, तिथे हे व्याकरण येणार कुठून? क्रमेल पुढे केंब्रिजला जाऊन ग्रीक शिकले. कॅल्हून तोवर, 1850 मध्ये, वारले होते.

धर्मशिक्षणाच्या सेमिनरीने त्यांना का नाकारलं?

रंगामुळे. दुसरं कारण देण्याची तसदीही कुणी घेतली नाही. 1839 मध्ये न्यूयॉर्कच्या जनरल थिऑलॉजिकल सेमिनरीकडे त्यांनी अर्ज केला. विश्वस्तांनी तो फेटाळला. बिशप बेंजामिन ऑन्डरडॉन्क यांनी तर समोर बोलावून त्यांना असं फैलावर घेतलं की पन्नास वर्षांनंतरही क्रमेल यांना तो प्रसंग विसरता आला नव्हता. मग बॉस्टनमध्ये काही सहृदय पाळकांच्या हाताखाली खाजगी अभ्यास करून 1842 मध्ये ते डीकन (पाळकाच्या खालची पायरी) झाले आणि 1844 मध्ये त्यांना पूर्ण गुरुदीक्षा मिळाली.

फिलाडेल्फियाच्या बिशपांशी झालेला संवाद काय होता? अधिवेशनातल्या जागेवरून एवढं ताणायचं कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि तो रास्तही आहे.

क्रमेल कामाच्या शोधात फिलाडेल्फियाला गेले. तिथले बिशप हेन्री ऑन्डरडॉन्क हे न्यूयॉर्कच्या बिशपांचे सख्खे भाऊ. त्यांनी अट घातली: माझ्या धर्मप्रांतात (बिशपच्या अखत्यारीतल्या भागात) ये, पण स्वतःसाठी किंवा तू उभी करशील त्या मंडळीसाठी, म्हणजे एका चर्चच्या भक्तसमूहासाठी, अधिवेशनात जागा कधीही मागणार नाही असं वचन दे. क्रमेल म्हणाले, या अटीवर मी तुमच्या धर्मप्रांतात पाऊल ठेवणार नाही.

आता ती जागा म्हणजे काय ते पाहू. एपिस्कोपल चर्चचा कारभार बराचसा लोकशाही पद्धतीचा आहे. प्रत्येक धर्मप्रांताचं वार्षिक अधिवेशन भरतं. त्यात सगळे पाळक आणि प्रत्येक मंडळीने निवडलेले सामान्य सभासद बसतात. बिशपची निवड तिथे होते, नियम तिथे बदलतात, पैशाचे निर्णय तिथे लागतात. थोडक्यात, अधिवेशनात ज्याची खुर्ची नाही, त्याने प्रार्थना करावी, वर्गणी द्यावी आणि आपल्यावर कोण बिशप नेमला जातोय ते इतरांकडून ऐकावं. न्यूयॉर्कमधल्या सेंट फिलिप्स या कृष्णवर्णीय मंडळीला, म्हणजे क्रमेल ज्या चर्चमध्ये वाढले त्या चर्चला, अशी खुर्ची 1853 मध्ये मिळाली. अनेक वर्षं झगडल्यावर. फिलाडेल्फियाच्या सेंट थॉमस मंडळीला तर तिच्या स्थापनेच्या काळातच अधिवेशनाचे दरवाजे बंद करून ठेवले होते.

तेव्हा क्रमेल ज्याला ‘नाही’ म्हणाले तो मानापमानाचा विषय नव्हता. मताधिकार लिहून देऊन नोकरी घ्यायची होती. आणि पुढे काय झालं तेही सांगायला हवं: या नकाराची किंमत त्यांच्या बायको-मुलांनी मोजली. त्यानंतरची काही वर्षं घरात अक्षरशः चणचण होती.

जाता जाता: दोन्ही ऑन्डरडॉन्क बंधूंना पुढे चर्चनेच निलंबित केलं. हेन्रींना 1844 मध्ये दारूच्या सवयीमुळे, बेंजामिनना 1845 मध्ये स्त्रियांशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून. पावित्र्याची चाळणी कोण कुणाला लावत होतं, हे यावरून कळतं.

एवढा अपमान होऊनही त्यांनी चर्च सोडलं का नाही?

पर्याय होता. रिचर्ड अ‍ॅलन यांनी 1816 मध्येच कृष्णवर्णीयांचं स्वतंत्र मेथडिस्ट चर्च उभं केलं होतं. तिथे क्रमेल यांच्यासारख्या विद्वानाला डोक्यावर घेतलं असतं, कदाचित बिशपही केलं असतं.

ते गेले नाहीत याची दोन कारणं दिसतात. एक म्हणजे त्यांची श्रद्धा. प्रेषितांपासून चालत आलेली बिशपांची परंपरा, ठरलेली प्रार्थना, शिस्त, संयम यांवर त्यांचा मनापासून विश्वास होता. गोंगाटाची, भावनेच्या उमाळ्याची उपासना त्यांना आवडत नसे आणि ते तसं बोलूनही दाखवत. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: चर्च हे त्यांच्या लेखी गोऱ्यांच्या मालकीचं नव्हतंच. घर आपलंही असेल तर भाडेकरूने दम दिला म्हणून आपण का निघायचं, असा हा हिशेब होता. तो बरोबर होता की चूक यावर आजही वाद घालता येईल. अ‍ॅलनच्या वाटेने गेलेल्यांनी शाळा काढल्या, कॉलेजं काढली, लाखो लोक जोडले. क्रमेल यांच्या मंडळ्या लहानच राहिल्या.

केंब्रिजला ते कसे पोचले?

1848 मध्ये ते इंग्लंडला गेले ते आपल्या न्यूयॉर्कच्या मंडळीसाठी चर्च बांधायला पैसे गोळा करायला. तिथे गुलामगिरीविरोधी वर्तुळात त्यांची भाषणं गाजली आणि काही हितचिंतकांनी त्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलला. 1849 मध्ये क्वीन्स कॉलेजात प्रवेश, 1853 मध्ये बी. ए. केंब्रिजच्या दफ्तरी नोंद असलेले ते पहिले कृष्णवर्णीय पदवीधर मानले जातात.

पदवीदान समारंभात सज्जातल्या एका टवाळाने त्यांच्या रंगावरून शिवी हासडत हुर्यो उडवण्याची हाक दिली. तेवढ्यात एका सडपातळ, फिकुटलेल्या विद्यार्थ्याने ‘लाज वाटू दे’ असं ओरडून त्या टवाळाचीच हुर्यो उडवली आणि क्रमेल यांचा जयजयकार सुरू केला. सगळं सभागृह त्यात सामील झालं. तो विद्यार्थी म्हणजे एडवर्ड बेन्सन. पुढे कॅंटरबरीचे आर्चबिशप झाले.

मग अमेरिकेत न परतता लायबेरियाला का?

अमेरिकेत 1850 पासून पळालेल्या गुलामांना पकडून देण्याचा कडक कायदा लागू होता. काळ्या माणसाला कुणीही पकडावं अशी परिस्थिती. लायबेरिया मात्र 1847 पासून स्वतंत्र प्रजासत्ताक होतं आणि अमेरिकेतून येऊन वसलेले कृष्णवर्णीय ते चालवत होते. 1853 मध्ये क्रमेल तिथे एपिस्कोपल मिशनरी म्हणून गेले, नागरिकत्व घेतलं आणि सुमारे वीस वर्षं राहिले.

काम त्यांनी भरपूर केलं: प्रवचनं, शाळा, शेती, पुस्तकं. 1862 मध्ये लायबेरिया कॉलेज सुरू झालं तेव्हा एडवर्ड ब्लायडन यांच्याबरोबर ते तिथले पहिल्या फळीतले प्राध्यापक होते. पण भांडणंही तेवढीच. गोरे मिशनरी बिशप जॉन पेन यांच्याशी पटलं नाही. कॉलेजचे अध्यक्ष आणि देशाचे माजी राष्ट्राध्यक्ष जोसेफ रॉबर्ट्स यांच्याशी तर अजिबात नाही. 1866 मध्ये नोकरी गेली. या भांडणांमागे लायबेरियातला अंतर्गत रंगभेद होता. सत्ता उजळ वर्णाच्या, मिश्र वंशाच्या कुटुंबांकडे होती, आणि क्रमेल, ब्लायडन यांच्यासारखे गडद वर्णाचे लोक त्यांना सलत. अमेरिकेतून येऊन वसलेल्यांनी सोबत रंगाची उतरंडही आणली होती. 1871 मध्ये राष्ट्राध्यक्ष एडवर्ड रॉय यांना उठाव करून हटवलं गेलं आणि पुढच्याच वर्षी क्रमेल अमेरिकेला परतले.

स्वभावाबद्दल लपवाछपवी नको: ते हट्टी, कडक आणि हुकमी होते. घरातही.

आफ्रिकेतल्या मूळ रहिवाशांबद्दल त्यांची मतं काय होती?

आज वाचताना अवघडायला होतं. स्थानिक धर्म त्यांना अंधार वाटत, स्थानिक भाषा दुबळ्या वाटत. 1860 मध्ये त्यांनी लायबेरियात इंग्रजी भाषेच्या थोरवीवर मोठं भाषण केलं. गुलामगिरीच्या शापातून हाती लागलेली देणगी असं ते तिच्याकडे पाहत. आपल्याकडे इंग्रजीच्या गुणगानाची अशीच परंपरा आहे. सावित्रीबाई फुल्यांनीही इंग्रजीला माउली म्हटलं होतं, तेही 1854 मध्ये. फरक एवढा की सावित्रीबाईंनी इंग्रजीकडे शूद्रातिशूद्रांच्या बाजूने पाहिलं, तर क्रमेल लायबेरियात किनाऱ्यावर सत्ता गाजवणाऱ्या वसाहतवाल्यांच्या बाजूला उभे होते.

वॉशिंग्टनमध्ये त्यांनी काय केलं?

सेंट ल्यूक चर्च उभं केलं. आधी सेंट मेरी ही छोटी मिशन मंडळी सांभाळली, मग नव्या चर्चसाठी वर्षानुवर्षं पैसे जमवले. आराखडा कॅल्व्हिन ब्रेंट या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाचा. 1879 च्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी पहिली उपासना झाली. 1894 पर्यंत क्रमेल तिथे पाळक होते. गॉथिक धाटणीची ती दगडी इमारत पंधराव्या रस्त्यावर आजही आहे.

‘सिवानी कॅनन’ म्हणजे काय?

1883 च्या उन्हाळ्यात दक्षिणेतले बिशप टेनेसीतल्या सिवानी इथे जमले आणि त्यांनी कॅननचा, म्हणजे चर्चच्या नियमाचा, ठराव केला: कृष्णवर्णीय मंडळ्यांची प्रत्येक धर्मप्रांतात वेगळी व्यवस्था करावी. म्हणजे एकाच चर्चमध्ये दोन पंगती. विरोधात फक्त मिसिसिपीचे बिशप ग्रीन होते. क्रमेल यांनी लगेच न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय पाळकांची बैठक बोलावली, प्रतिनिधी मंडळ फिलाडेल्फियाच्या महाअधिवेशनाला पाठवलं. तिथे बिशपांच्या सभागृहाने ठराव मान्य केला, पण प्रतिनिधींच्या सभागृहाने तो फेटाळला. ज्या अधिवेशनातल्या खुर्चीसाठी त्यांनी तरुणपणी नोकरी नाकारली होती, त्या खुर्च्यांनीच या वेळी निकाल लावला. तरीही दक्षिणेतल्या काही धर्मप्रांतांनी आपापल्या हद्दीत वेगळेपणा आणलाच.

फ्रेडरिक डग्लस यांच्याशी त्यांचं भांडण झालं होतं का?

भांडण नाही, पण भर सभेत खटका उडाला. 30 मे 1885 रोजी हार्पर्स फेरी इथल्या स्टोरर कॉलेजात क्रमेल यांनी तरुणांना सांगितलं की गुलामगिरीच्या आठवणीतच रमून राहू नका, पुढच्या काळाच्या नव्या कल्पना शोधा. श्रोत्यांत डग्लस बसले होते. त्यांनी तिथल्या तिथे जोरदार विरोध नोंदवला. क्रमेल यांचं म्हणणं होतं की आठवण आपोआप येते, ती कुणी पुसू शकत नाही. पण ती मुद्दाम उकरत बसणं वेगळं. हा मुद्दा मांडणं त्यांना सोपं होतं, कारण ते कधी गुलाम नव्हते. डग्लस होते.

अमेरिकन नीग्रो अ‍ॅकॅडमी कशासाठी?

बुकर टी. वॉशिंग्टन यांचा जोर सुतारकाम, शेती, हातकाम यांवर होता. क्रमेल यांचं म्हणणं उलटं: समाज आधी विचाराने उभा राहतो, म्हणून उच्च शिक्षण घेतलेली माणसं आधी हवीत. 5 मार्च 1897 रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी ही अ‍ॅकॅडमी सुरू केली. 29 वर्षांचे ड्यू बॉइस सभासद होते आणि पहिल्याच दिवशी त्यांनी निबंध वाचला. कवी पॉल लॉरेन्स डनबार, पाळक फ्रान्सिस ग्रिम्के, गणितज्ञ केली मिलर हेही त्यात होते. संस्था 1928 पर्यंत टिकली.

एक खोट मात्र मोठी होती. सभासदत्व फक्त पुरुषांना. याच क्रमेल यांनी 1883 मध्ये दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या हालांवर लिहिलेली पुस्तिका खूप वाचली गेली होती, आणि अ‍ॅना ज्युलिया कूपर यांच्यासारखी विदुषी त्याच शहरात राहत होती.

ड्यू बॉइस यांनी रंगवलेलं चित्र कितपत खरं मानावं?

1903 च्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’मध्ये क्रमेल यांच्यावर एक अख्खं प्रकरण आहे. द्वेष, निराशा आणि संशय या तीन मोहांतून वाट काढणारा संत, असं ते चित्र. लेखन अप्रतिम, पण ती श्रद्धांजली आहे, चरित्र नव्हे. लायबेरियातली भांडणं, घरातला कडकपणा, इंग्रजीचं वेड तिथे जवळजवळ गायब आहे.

अमेरिकन मराठी मिशनशी क्रमेल यांचा काही संबंध?

नाही. 1813 मध्ये मुंबईत आलेलं आणि पुढे अहमदनगरला रुजलेलं ते मिशन काँग्रिगेशनल पंथाचं. बिशप नसलेली व्यवस्था. क्रमेल यांचं चर्च वेगळं आणि त्यांचा भारताशी थेट संबंध आला नाही. त्या काळात अमेरिकेतल्या गुलामगिरीचा धागा मराठीत आला तो फुल्यांच्या ‘गुलामगिरी’तून. 1873 चं हे पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. त्या वर्षी क्रमेल नुकतेच अमेरिकेत परतून वॉशिंग्टनमध्ये काम सुरू करत होते, आणि मुक्त झालेल्यांना चर्चमध्ये कुठे बसवायचं हा वाद तिथे अजून चालू होता.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

त्यांची प्रवचनं जड आहेत. एकदम हात घालू नका. आधी गार्नेट यांच्यावरचं श्रद्धांजलीचं भाषण वाचा, ज्यात बैलांचा प्रसंग आहे. मग 1897 ची अ‍ॅकॅडमीपुढची दोन भाषणं, कारण कॅल्हूनचा किस्सा तिथे आहे आणि म्हाताऱ्याची जीभ किती धारदार होती तेही कळतं. त्यानंतर ड्यू बॉइस. हे सगळं जुनं असल्यामुळे इंटरनेटवर फुकट उपलब्ध आहे. एपिस्कोपल चर्चच्या पंचांगात 10 सप्टेंबर हा त्यांचा स्मरणदिन आहे. त्या दिवशीची प्रार्थनाही तिथेच मिळेल.